सामाईक भिंत : धुळ्यातील एका जुन्या घराच्या पुनर्बांधणीचे प्रकरण

धुळे शहराच्या जुन्या भागात, आग्रा रोडपासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका गल्लीतील आमचे वडिलोपार्जित घर पाडून त्या जागी सहा सदनिकांची इमारत उभी राहिली, त्या व्यवहाराची ही नोंद आहे. मी त्या घराच्या वारसांपैकी एक आहे. पाटबंधारे खात्यात स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी केलेली असल्यामुळे कागदपत्रे, नकाशे आणि बांधकाम यांची सगळी बाजू कुटुंबाने माझ्यावर सोपवली होती. घर पाडायला नको होते असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. मात्र करारावर ज्यांच्या सह्या होत्या त्यांचे त्यात भले झाले आणि ज्यांच्या सह्या नव्हत्या त्यांच्यावर त्याचा भार पडला, ही गोष्ट मी जवळून पाहिली असल्यामुळे ती तपशिलाने लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

गल्ली आणि घर

धुळे आखून वसवलेले आहे, हे जुन्या शहरातून चालणाऱ्या परक्या माणसालाही लगेच जाणवते. सरळ गल्ल्या आणि त्यांना नावांऐवजी क्रमांक, ही येथील ओळख आहे. पेशवाई संपून खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने 1819 मध्ये जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून धुळ्याची निवड केली. त्या वेळी येथे 401 घरे आणि 2,509 माणसे होती, आणि एका बाजूला पांझरा नदी व दुसऱ्या बाजूला पाट यांच्यामध्ये सापडलेले, बागायतीने वेढलेले लहानसे गाव असे त्याचे वर्णन ब्रिग्जने केले आहे. व्यापारी आणि कारागीर येऊन स्थायिक व्हावेत म्हणून घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्याने देण्यात आल्या आणि पक्की घरे बांधण्यासाठी आगाऊ रकमाही देण्यात आल्या. आज ज्या जागांच्या एकेका चौरस फुटावर घासाघीस चालते, त्या परिसराची सुरुवात अशी लोकांना बोलावून वसवण्यातून झाली, हे मला या सगळ्या व्यवहारात वारंवार आठवत राहिले.

आमच्या गल्लीतील जागा रस्त्याच्या बाजूला अरुंद आणि आत खोल आहेत. आमची जागा 25 फूट रुंद आणि 80 फूट लांब होती. समोर ओटा, मग ओसरी, मधे उघडा चौक, त्यामागे माजघर आणि स्वयंपाकघर, आणि शेवटी परसात आड, अशी तिची रचना होती. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर काटक्या व लिंबाचा पाला आणि सगळ्यात वर खारी माती, असे ते धाब्याचे घर होते. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो तेव्हा अशा घरात दुपारी पंख्याशिवाय झोपता येते, आणि हे घर ज्यांनी वापरले आहे त्यांना ते पटवून द्यावे लागत नाही. उन्हाळ्यात बिबड्या आणि उडदाचे पापड त्याच धाब्यावर वाळत.

परंतु धाब्याचे घर दर वर्षी माणसांचे श्रम मागते. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी खारी माती पसरून ती चोपावी लागते, पन्हाळी साफ कराव्या लागतात, गवत उपटावे लागते. नवा थर टाकताना जुना काढला जात नाही, म्हणून मातीची जाडी वाढत जाते. पाडकामाच्या वेळी मी मोजले तेव्हा ती फुटभर झाली होती. छताखालचे क्षेत्र सुमारे 100 चौरस मीटर धरले तर साधारण 30 घनमीटर, म्हणजे कोरड्या अवस्थेतही पन्नास टनांच्या आसपास माती त्या तुळयांनी पेलून धरली होती, आणि ओली झाल्यावर तिचे वजन आणखी वाढत असे. दोन तुळयांची भिंतीतली टोके वाळवीने पोखरलेली होती. माझे चुलतभाऊ पुणे, नाशिक आणि सुरतेला होते, मी स्वतः नदीपलीकडे देवपूरला राहत होतो, आणि घरात केवळ थोरल्या काकू उरल्या होत्या. ज्या घराला दर वर्षी चार जणांच्या हातांची गरज आहे, त्या घरात एकटी वृद्ध स्त्री पावसाळ्याच्या रात्री भांडी मांडून बसते, हे चित्र जपण्यासारखे आहे असे मला कोणी सांगितले तर मी ते मान्य करणार नाही.

सह्या

मिळकत पत्रिकेवर आजोबांचेच नाव होते. वारस नोंद करताना तीन मुलगे आणि दोन मुली यांच्या शाखा मोजल्या तेव्हा अकरा जणांच्या सह्या लागतील असे निघाले. मुलींच्या हिश्शाविषयी आमच्याकडील प्रघात असा की हक्कसोडपत्र तयार करून बहिणींना सहीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात बोलवायचे आणि सहीनंतर साडीचोळी करायची. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला असूनही हा प्रघात फारसा बदललेला नाही. आमची एक फुई (आत्या) हयात होती, अमळनेरला. तिने सही द्यायला नकार दिला नाही. तिने केवळ विचारले की कानबाई कोठे बसणार.

खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी हे थोडे सांगितले पाहिजे. कानबाई ही खानदेशात घरोघर पुजली जाणारी देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. घर सारवून किंवा रंगवून स्वच्छ करतात, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे मुठी मोजून रोटाचे, म्हणजे प्रसादाचे, गहू घेतात, पुरण, खीर आणि गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी होते, रात्रभर जागर होतो आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन होते. रोट भाऊबंदांनीच खायचा असतो, म्हणून पुण्यासुरतेचे सगळे त्या दिवशी मूळ घरी येतात. चाळीस माणसांची पंगत चौकात आणि ओसरीवर बसत असे. फुईचा प्रश्न भावनेचा आहे असे समजून आम्ही तिला म्हणालो, तीन सदनिका आपल्याच आहेत, कोणाच्याही घरी बसेल. वास्तविक तो प्रश्न जागेच्या वापराचा होता आणि त्याचे उत्तर नकाशातच द्यायला हवे होते. नकाशात सहा घरे होती, जिने होते, वाहनतळ होता. चाळीस माणसे एकत्र बसतील असे एकही ठिकाण नव्हते.

विकासकाशी झालेला करार या भागात नेहमी होतो तसाच होता. खाली खांबांवर मोकळा वाहनतळ, वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन सदनिका, तीन आमच्या, तीन त्याच्या. जागा 500 चौरस मीटरपेक्षा कमी आणि सदनिका आठपेक्षा कमी असल्यामुळे स्थावर संपदा कायद्याखालील (रेरा) नोंदणी या प्रकल्पाला बंधनकारक नव्हती. जुन्या शहरातील जवळजवळ प्रत्येक जागा या मर्यादेच्या आतच पडते. म्हणजे प्रकल्पाची माहिती संकेतस्थळावर जाहीर करणे, ग्राहकांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवणे यांसारखी जी शिस्त या कायद्याने आणली, ती मोठ्या शहरांच्या उपनगरांतील मनोऱ्यांना लागू होते आणि गल्लीतल्या इमारतीला होत नाही. आमच्यासारख्यांना आधार असतो तो नोंदणीकृत विकसन करारनाम्याचाच, आणि त्यात जे लिहिलेले नाही ते मागता येत नाही.

पुढच्या दोन खोल्या

ओट्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत एक शिंपीकाम करणारे कुटुंब चाळीस वर्षांहून अधिक काळ भाड्याने राहत होते. शिंपीकाका गेल्यावर त्यांच्या पत्नी साड्यांना फॉल-पिको करून नातवाला सांभाळत होत्या. करारनामा कधीच झाला नव्हता, भाडे नाममात्र होते, पावत्या असत. विकासकाने त्यांना रोख रक्कम देऊ केली. त्यांनी ती घेतली आणि सामान बांधताना मला एवढेच विचारले, "भाऊ, आते आम्ही कोठे जाऊत?"

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 प्रमाणे पाडून नवे बांधण्यासाठी मालकाला भाडेकरूकडून जागा परत घेता येते, परंतु त्यासाठी न्यायालयाचे समाधान करावे लागते. नव्या बांधकामासाठी पैसा उपलब्ध आहे, नकाशे आणि अंदाजपत्रके नीट तयार आहेत, हे दाखवावे लागते. नव्या इमारतीत त्या भाडेकरूसाठी, पाच टक्क्यांच्या फरकाच्या आत, पूर्वीइतक्याच चटई क्षेत्राची जागा ठेवली आहे अशी हमीही द्यावी लागते. हे मला माहीत होते. त्यांनी विचारले नाही म्हणून मी सांगितले नाही, आणि सांगितले तर प्रकरण वर्षानुवर्षे लांबेल व काकूंच्या डोक्यावरचे छत त्याआधी खाली येईल, असे मी स्वतःला समजावले. ती भीती खोटी नव्हती. तरीही तळमजल्यावर दोन खोल्या ठेवून वाहनतळ थोडा आखडता घेणे शक्य आहे का, हे मी वास्तुविशारदाला विचारलेसुद्धा नाही. मुंबई बेटावरील जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. धुळ्याच्या गल्लीतल्या भाडेकरूसाठी तसे कोणी नाही, आणि म्हणूनच ज्याला कायदा माहीत आहे त्याची जबाबदारी येथे जास्त होती.

भिंत

या प्रकरणाचा गाभा मात्र भिंतीत आहे.

आमच्या आणि डावीकडच्या शेजाऱ्यांच्या घरामध्ये एकच भिंत होती. मातीच्या भेंड्यांची (कच्च्या विटांची), 22 इंच जाड, खाली दगडमातीचे जोते. आमच्या तुळयांची टोके तिच्यात या बाजूने शिरलेली आणि त्यांच्या तुळयांची त्या बाजूने. अशी भिंत दोन्ही बाजूंच्या घरांनी धरून ठेवलेली असते. दोन्ही बाजूंचे वजन तिच्यावर मधोमध येते, दोन्ही छपरे तिला पावसापासून झाकतात आणि दोन्ही घरांच्या आडव्या तुळया तिला झुकू देत नाहीत. एक घर काढून घेतले की वजन एका बाजूला सरकते, आधार जातो आणि इतकी वर्षे घराच्या आत असलेली माती उघड्यावर येते. आतली बाजू पावसासाठी कधीच बांधलेली नसते, कारण तिला पाऊस लागेल असे बांधणाऱ्याच्या मनातही आलेले नसते.

पाडकाम एप्रिलच्या अखेरीस सुरू झाले. जुन्या घराचे पाडकाम करणारा ठेकेदार बहुधा पैसे घेत नाही, उलट देतो, कारण खांब, तुळया, कोरीव दारे आणि चौकटी यांच्या सागवानाला चांगली किंमत येते. त्यामुळे त्याची घाई लाकडासाठी असते. लाकूड आठ दिवसांत हाताने, अगदी काळजीपूर्वक सुटे केले गेले. उरलेल्या मातीची त्याला किंमत नव्हती, म्हणून ती काढायला यंत्र आले. यंत्राच्या हादऱ्याने शेजाऱ्यांच्या माजघरात पहिली भेग पडली. त्यांनी मला बोलावून दाखवली. मी विकासकाला फोन केला, त्याने ताडपत्री पाठवली.

जूनमध्ये पायाचे खोदकाम झाले. आमच्या जागेत वर काळी माती आणि खाली मुरूम आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकल्यावर आकसते, म्हणून नवा पाया मुरमापर्यंत नेणे बरोबरच होते. पण जुन्या भिंतीचे जोते तेवढे खोल नव्हते. त्याच्या लगत, त्याच्या तळापेक्षा खाली, सलग चर खणला गेला. असा चर एकदम न खणता एक आड एक तुकड्यांत खणून, प्रत्येक तुकडा भरून मगच पुढचा घ्यायचा असतो, आणि भिंतीला त्याआधी तिरके टेकू लावायचे असतात. कालव्यांच्या कामांवर हीच काळजी घेण्यासाठी मी अनेकांना बोल लावले आहेत. येथे मी त्या आठवड्यात सुरतेला होतो. आर्द्रा नक्षत्रात दोन दिवस सलग पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती भिंत मधल्या भागात, साधारण बारा फूट लांबीत, आमच्या चरात कोसळली. शेजारचे सगळे पुढच्या खोलीत झोपलेले असल्यामुळे कोणाला इजा झाली नाही. माजघरातील दोन तुळया एका टोकाने लोंबकळत राहिल्या.

पुढे जे झाले ते नियमानुसारच झाले, आणि म्हणूनच ते नीट समजून घेतले पाहिजे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली धोकादायक बांधकामाबाबत जी नोटीस निघते, ती त्या बांधकामाच्या मालकाच्या किंवा भोगवटादाराच्या नावे निघते. घर शेजाऱ्यांचे होते, म्हणून घर रिकामे करण्याची नोटीस शेजाऱ्यांना मिळाली. धोका आमच्या कामाने उत्पन्न झाला, याची नोंद तिच्यात असण्याचे कारण नव्हते. शेजाऱ्यांच्या बाजूला कायदा होता. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षे निर्वेधपणे घेतलेल्या आधाराला हक्काचे स्वरूप येते, आणि ती भिंत तर त्याहून कितीतरी जुनी होती. पण दिवाणी दावा चालेपर्यंत राहायचे कोठे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. चार महिन्यांनी त्यांनी त्याच विकासकाशी करार केला, आणि घासाघीस करण्याजोगी स्थिती नसल्यामुळे तो आमच्यापेक्षा कमी हिश्शावर केला.

गल्लीत एकापाठोपाठ एक घरे का पडतात, याचे कारण विचारले तर लोक साधारणतः तरुणांची हौस, वाढलेले भाव किंवा भाऊबंदकीचे वाद सांगतात. ही कारणे खरी आहेत. पण ज्या रांगेत भिंती सामाईक आहेत तिथे पहिले घर निष्काळजीपणे काढले की दुसरे पाडण्याच्या स्थितीला आणले जाते, आणि दुसऱ्याचा मालक तो निर्णय स्वतः घेतो असे केवळ कागदावर दिसते. आमच्या गल्लीत तिसरे घर असेच गेले.

नवी इमारत

इमारत चांगली झाली आहे, हे नोंदवले पाहिजे. काँक्रीट नीट आहे, काकूंना पहिल्या मजल्यावर शौचालय घरातच मिळाले आणि पावसाळ्याची रात्र त्या झोपून काढतात. गैरसोयी आहेत त्या वेगळ्या प्रकारच्या आहेत. ओटा गेला. त्या जागी वाहनतळाचा उतार आला, आणि संध्याकाळी गल्लीत बसणे त्याच्याबरोबर संपले, कारण उतारावर बसता येत नाही. पश्चिमेच्या भिंती मे महिन्यात रात्री दहापर्यंत तापलेल्या असतात आणि सहाही घरांना वातानुकूलन यंत्रे लागली.

आडाचे मला अधिक वाईट वाटते. नकाणे तलाव, डेडरगाव तलाव आणि तापीवरील योजना असूनही धुळ्याला नळाचे पाणी काही दिवसांआड येते, आणि परसातला आड निदान वापरायचे पाणी वर्षातले आठ महिने देत असे. पाडकामाची माती टाकायला जवळची जागा म्हणून तो एका दिवसात बुजवला गेला. पर्जन्यजल संधारणाची सक्ती 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जागांना असल्यामुळे आमच्या नकाशात त्याची तरतूद नव्हती. आड राखून त्यात गच्चीचे पाणी सोडायला एका नळीचा आणि गाळणीच्या खड्ड्याचा खर्च आला असता. आता इमारतीसाठी विंधन विहीर घेतली आहे आणि उन्हाळ्यात टँकर येतो.

इमारत पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या श्रावणात कानबाई काकूंच्या दिवाणखान्यात बसली. पंगती चार करून बसाव्या लागल्या, जिन्यात माणसे ताटकळली आणि फुई जिना चढून आली ती पुन्हा खाली उतरेपर्यंत कोणाशी बोलली नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही वरच्या तीन सदनिकाधारकांना विचारले. त्यांपैकी दोघे नंदुरबार आणि साक्री भागातून आलेले, घरी कानबाई असणारे. रविवारच्या दिवशी सगळ्या गाड्या बाहेर काढून, वाहनतळ धुऊन, तिथे चौरंग मांडला गेला. त्यानंतर सहाही घरांच्या सह्यांनी एक साधा कागद केला आहे की नागपंचमीनंतरच्या रविवारी आणि सोमवारी वाहनतळ मोकळा राहील. सदनिका विकली गेली तर नव्या मालकावर तो बंधनकारक नाही. सदनिकांच्या मालकीच्या अटी ठरवणाऱ्या घोषणापत्रात तशी तरतूद दुरुस्तीने घालून घेण्याचे काम माझ्याकडे आहे आणि ते अजून झालेले नाही.

शिंपीकाकांच्या पत्नी मोहाडी उपनगरात एका खोलीत राहतात. फॉल-पिकोचे गिऱ्हाईक जुन्या गल्लीचे होते, ते तिकडे पोहोचत नाही. मी त्यांना भेटून कायद्याविषयी जे तेव्हा सांगितले नव्हते ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि चहा केला.

चौथ्या घराच्या मालकांनी त्यांच्या करारनाम्याचा मसुदा मला वाचायला दिला आहे. त्यात मी चार गोष्टी घालायला सांगितल्या आहेत: पाडकामापूर्वी दोन्ही शेजाऱ्यांच्या घरांचा छायाचित्रांसह पंचनामा, काम दिवाळीनंतर सुरू करून पायाची कामे पावसाळ्याआधी संपवणे, सामाईक भिंत तशीच ठेवून तिच्या उघड्या बाजूला टेकू आणि गिलावा, आणि शेजाऱ्यांच्या नुकसानीसाठी विकासकाची वेगळी अनामत रक्कम. पहिल्या तीन विकासकाने मान्य केल्या आहेत, चौथीवर बोलणे चालू आहे. परवा मी आणि पाचव्या घराचे मालक त्यांच्या माजघरात टॉर्च घेऊन उभे राहिलो. भिंत 24 इंच आहे. पलीकडून आलेल्या तुळयांची टोके नऊ आहेत आणि त्यांपैकी दोन पोचट वाजतात.